शिरूरचा चहा राहिला

शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडसमोर उभं राहून राजकन्यानं वहीत लिहिलं, ‘नापास.’ पेनाचं टोपण लावते न लावते तोच मागून कुणीतरी ओरडलं.

“ओ म्याडम, वही ऱ्हाऊ द्या! आधी हे धरा!”

ती वळली. मोटारसायकलवर एक तरुण बसला होता. टाकीवर दुधाचा असतो तसा मोठा डबा, झाकण तिरकं, आणि आतून काहीतरी पांढरं, आंबूस वासाचं त्याच्या पँटवर सांडत होतं. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात झाकण, आणि डबा निघालाय घसरत. राजकन्यानं काही विचार न करता पुढं होऊन डबा पोटाशी धरला.

“काय आहे हे?”

“आंबील. घरून निघालो तवा डबा भरलेला होता. निम्मी माझा गुडघाच पिऊन बसला.”

तिला हसू आलं, सकाळपासून पहिल्यांदाच. तोही हसला आणि झाकण बसवायच्या नादात उगाच दोनदा तिच्याकडं बघितलं… झाकण काही बसलं नाही.

“इथं हॉटेल कुठं उघडं आहे का हो?” तिनं विचारलं. “गाडीत माझी आत्या आहे. शुगरची गोळी घेऊन बसलीय, खायला काही नाही. साधा चहा-बिस्कीट मिळालं तरी चालेल.”

“आज? चहावाला रानात हाय. किराणावाला रानात हाय. पंक्चरवाले खाजामियाँ, ते बी रानात. आज गावात फकस्त कुत्री आन तुमी.” मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. “म्हंजे… तसं न्हाई म्हणायचं मला!”

“पण काहून? कुणी गेलं का गावात?”

“आवं जातंय कोण! येळवस हाय आज!”

आता राजकन्याची चूक झाली ती इथंच. कॅलेंडरवर ‘वेळा अमावस्या’, म्हणजे हीच येळवस, असं लिहिलेलं तिनं वाचलं होतं. पण तिचं मूळ गाव हदगावकडचं तामसा, तिकडं हा सण कुणाच्या खिजगणतीत नाही. नांदेडच्या ज्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची, तिथंही सुट्टी नव्हती. लातूरकडं या दिवशी अख्खी गावं कुलूप लावून शेतात जेवायला जातात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आत्या म्हणाली होती, “अमावस्येला पोरगं बघू नये. गाव बघायला काय जातंय?” आणि दोघी निघाल्या होत्या.

हो, गाव बघायलाच. तिच्या वडलांनी, म्हणजे आबांनी, तीन स्थळं काढली होती. एक उदगीरचं, एक शिरूरचं, एक निलंग्याचं. आबांची अट एकच, पोराला रान पाहिजे. जन्मभर त्यांनी दुसऱ्याच्या डाळ गिरणीवर राखण केली, स्वतःची म्हणून मूठभर माती कधी हाताला लागली नाही. “नोकरी आज हाय, उद्या न्हाई. रान कुठं पळून जातंय?” असं ते म्हणत. राजकन्यानं ते मान्य केलं, पण आपलीही एक अट घातली. “नवरा दिवसभर रानात असणार. मी राहणार गावात. मग आधी गाव बघीन, पोरगं नंतर. गाव पास झालं तरच पुढं.”

गावाच्या परीक्षेला तिचे तीन पेपर होते. एक, चहा. चहावाल्यानं ‘साखर किती’ एवढंच विचारावं, ‘कुठून आलात’ विचारू नये. दोन, पत्ता. तिघांना विचारला तर तिघांनी एकच सांगावा. तीन, कुठंतरी अर्धा तास निवांत बसावं आणि ‘कुणाची गं तू?’ असं कुणी विचारू नये. तिसऱ्या पेपरात बहुतेक गावं जातात. उदगीर कालच काठावर पास झालं होतं.

“चला,” डबावाला म्हणाला. “आत्यांना जेवू घालतो. डबा तुमच्याच गाडीत ऱ्हाऊ द्या, म्हंजे तुमी पळून जाणार न्हाई.”

“आणि मी डबा घेऊन पळाले तर?”

“तर मी मागं येईन की,” तो म्हणाला आणि गाडीला किक मारली. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली, कारण पहिली मारताना तो तिच्याकडं बघत होता.

रान गावापासून दीडेक किलोमीटरवर होतं. कडेला ज्वारी, मधे हरभरा, विहिरीशेजारी कडब्याची खोप. खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा केलेली. बाहेर बायका पातेली उघडत होत्या, लिंबाला झोका बांधला होता, त्याच सावलीत कुणीतरी तोंडावर टोपी टाकून घोरत होतं, आणि निदान चाळीस माणसं बसली होती. ट्रॉलीच्या पाठीवर लाल अक्षरांत मोठ्ठं नाव रंगवलेलं, ‘व्यंकट’.

राजकन्यानं पर्स उघडली. पर्समधल्या तीन कागदांपैकी दुसऱ्यावर हेच नाव होतं. व्यंकट, कृषी पदवीधर, अकरा एकर, शिरूर अनंतपाळ. फोटोत फेटा आणि काळा गॉगल, त्यामुळं तोंड असं काही दिसतच नव्हतं.

तेवढ्यात आत्या, म्हणजे सरस्वतीबाई, गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या, “रान कुणाचं ओ हे?”

“आपलंच की!” तो म्हणाला. डबा खांद्यावर टाकला आणि हाक मारली, “माय, आंबील आली! निम्मी आलीय, पण आली!”

“निम्मी कुठं सांडलास, मुडद्या?” खोपीतून एक ठसठशीत बाई बाहेर आली. त्या भामाबाई. त्यानं कमरेची घराची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. बाकी सगळे त्याला ‘बापू’ म्हणत होते. घरोघरी एक बापू असतोच, पाळण्यातलं नाव कागदावर राहतं. राजकन्यानं हिशेब केला, रान आपलंच, आई ही, किल्ली कमरेला… म्हणजे हाच तो. आणि तिच्या मनानं लगेच, कुणी विचारलेलं नसताना, गॉगल काढल्यावर बरा दिसतो असं म्हणून टाकलं.

जेवणाचं काय सांगावं! हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या असं सगळं रान एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि वर मडक्यातली गार आंबील. बापू वाढायला होता. तो नुसता वाढत नव्हता, ताटापुढं उकिडवा बसून भांडत होता. “आत्या, उंडा घेतलाच न्हाई तुमी! खाजामियाँ, ताट लपवू नका, मला दिसायलंय!” राजकन्यानं भज्जीतल्या मिरच्या गुपचूप ताटाच्या कडेला काढून ठेवल्या. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा डावात एकही मिरची नव्हती. ती निवडून काढलेली होती, कारण एक त्याच्या अंगठ्याला चिकटली होती. पुढचा घास तिनं कडेला काही न काढता खाल्ला.

आणि एक गंमत तिच्या लक्षात आली. तास झाला, दीड तास झाला, कितीतरी बाया-माणसं तिच्याशी बोलून गेली. प्रत्येकानं एकच विचारलं, “जेवलीस का?” कुणाची, कुठली, कशाला आलीस, एक शब्द नाही. तिसऱ्या पेपरात एवढे मार्क तिनं कुठल्याच गावाला दिले नव्हते.

जेवणं आटोपल्यावर सरस्वतीबाई गोधडीवर आडव्या झाल्या. राजकन्या विहिरीच्या काठावर बसली. बापू हिरव्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला आणि मधे बऱ्यापैकी अंतर ठेवून बसला.

“त्या वहीत काय लिवता?”

“गावं बघत फिरतेय. कुठलं गाव थांबण्यासारखं आहे ते लिहिते.”

“उदगीर केलं?”

“केलं. किल्ला बघितला, मोंढ्यात चहा घेतला. दोन तास.”

“दोन तासांत उदगीर?” त्याला खरोखर वाईट वाटलं. “आवं, गाव दिवसा पाव्हण्यासारखं वागतंय. मुक्काम करायचा आन सकाळी लोकं दात घासायला बाहेर येत्यात तवा बघायचं. तवा गाव खरं असतंय. देवणीला जावा, बैलं बघा, माणसं बैलांशी जास्त प्रेमानं बोलत्यात. कंधारला तळ्याकाठी सकाळी धुकं असतंय, तिथं एक म्हातारा रोज एकटाच मोठ्यानं पेपर वाचतो. आन निलंग्यात भात खाल्ल्याबिगर पुढं जायचं न्हाई.”

“तुम्ही शेती करता की भटकता?”

“भटकतो. पगार मिळतो मला भटकायचा.”

ती खळखळून हसली. थट्टा वाटली तिला. “आणि शिरूर? शिरूरला काय आहे थांबण्यासारखं?”

तो डहाळा सोलत राहिला. एक घाटा सोलला, दाणे तिच्या हातावर ठेवले, बोटं तळहाताला लागली न लागली… “आत्तापत्तूर मी सांगायचो, काही न्हाई,” तो म्हणाला. “आता इचार करावा लागंल.”

राजकन्या सव्वीस वर्षांची होती. स्थळं पाच-सहा पाहिली होती. पोहे नेऊन दिले होते, ‘स्वयंपाक येतो का’ ऐकलं होतं. पण कुणी हातावर हरभरे ठेवले आणि कान तापले, असं कधी झालं नव्हतं. तीन वाजता ती उठली, ज्वारीच्या कडेला गेली आणि आबांना फोन लावला.

“आबा, शिरूर पास.”

“आँ? आन पोरगं?”

“पोरगं… बघितलं. चालेल.” मग वाटलं, हे फारच कोरडं झालं. “चांगलं आहे, आबा. मला आवडलं.”

आबांना इतका आनंद झाला की त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. “अकरा एकर! काळी हाय का गं, काळी? थांब, मी त्यांच्या घरी फोन लावतो. रविवारी येतोच म्हणतो!”

ऊन उतरलं. दिवस मावळायला आला तसं सगळं रान एकदम हललं. पोरासोरांनी गवत आणि कडबा बांधून एक लांबच लांब पेंढी केली. खाजामियाँ तिच्या शेजारी उभे होते, ते म्हणाले, “बेटी, अब देखो. ये हेंडगा है. पेटवायचा आन पिकाभोवती पळत फिरवायचा. लेकिन दुसऱ्यानं हात नै लावायचा, मालकानंच फिरवायचा.”

राजकन्यानं बापूकडं पाहिलं. तो पत्रावळी गोळा करत होता आणि जागचा हललासुद्धा नाही.

“व्यंकट! ऊठ रे, किती झोपतोस!” भामाबाई ओरडल्या. लिंबाखाली सकाळपासून तोंडावर टोपी टाकून जो माणूस घोरत होता, तो उठला, जांभई दिली, हेंडगा हातात घेतला आणि पेटवून पळत सुटला. मागं सगळी पोरं, नुसता हलकल्लोळ.

“तो… कोण?”

“व्यंकट. मालक. रान उसका, बैलाँ उसके, नींद भी उसकीच!” खाजामियाँ हसले.

“मग बापू?”

“बापू? अपना अंगद? वो तो यष्टी में कंडक्टर है. उसका रान-बिन कुछ नै. बचपन से इसी घर में खातंय-पितंय.”

तिला काही सुचायच्या आत भामाबाई फोन नाचवत आल्या. “अगं बया! तूच का गं ती नांदेडची? आत्ता तुझ्या वडलांचा फोन, दुपारपास्नं लावायलेत म्हणं! रविवारी येत्यात म्हणं, पोरगं पसंत हाय म्हणं! आन दिवसभर बोलली न्हाईस, गुलाम!” त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्यांच्या मागं अंगद उभा होता, हातात पत्रावळींचा ढीग. त्यानं सगळं ऐकलं. चेहऱ्यावरचं हसू त्यानं कसंबसं जागेवर ठेवलं आणि तो विहिरीकडं निघून गेला.

राजकन्या त्याच्या मागोमाग गेली. तो पातेलं घासत होता, स्वच्छ झालेलं पातेलं पुन्हा घासत होता.

“तुम्ही सांगितलं नाही.”

“तुमी इचारलं न्हाई.”

“आत्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, आपलंच.”

“आज समदे तसंच म्हणत्यात. खाजामियाँला इचारा, ते बी आपलंच म्हणतील. येळवशीला रानात माझं-तुझं करायचं नसतंय.” तो थांबला. “मला काय ठावं तुमी कुणाच्या… तुमी वही घेऊन फिरणाऱ्या. मला वाटलं…” पाण्याकडं बघत तो एकदम दुसरंच बोलायला लागला. “व्यंकट लई सरळ हाय. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. झोप जास्त हाय, पण मनानं…”

“बस!” राजकन्याचा आवाज चढला. “गावांची माहिती बरी सांगितली. आता माणसांची नका सांगू.”

तो पुन्हा पातेलं घासायला लागला.

“मी आबांना सांगितलं, पोरगं आवडलं. ते मी तुम्हाला बघून सांगितलं. अकरा एकराला बघून नाही. मी मिरच्या बाजूला काढत होते, ते अकरा एकरानं बघितलं होतं का?”

अंगदच्या हातातलं पातेलं ठण्णकन खाली पडलं. “मला बी…” तो म्हणाला. “सकाळी डबा पोटाशी धरला तुमी, तवाच. पण ज्याच्या रानात मी ल्हानपणापास्नं जेवतो, त्याचंच स्थळ… न्हाई ओ. न्हाई जमायचं मला.”

“काय जमायचं न्हाई?” मागून आवाज आला. व्यंकट होता. भुवया थोड्या जळालेल्या, झोप मात्र पार उडालेली. “बापू, मला न इचारता आईनं फोटो धाडला. ह्यांचं नाव मला आत्ता कळलं. दिवसभर मी झोपलो आन ताट तू वाढलंस, ह्याच्यात माझी काय चूक?” मग तो राजकन्याकडं वळला. “आईचं मी बघतो. तुमच्या आबांचं तुमी बघा. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

एवढ्यात सरस्वतीबाई गोधडी सावरत आल्या. राजकन्यानं त्यांना सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. “हा कंडक्टर हाय, अंगद नाव, मामाचं गाव आपल्या तामस्याशेजारी, सोयरीक बसतीय, हे समदं मी जेवायला बसल्या बसल्याच काढून घेतलं! मला वाटलं तुला ठावं हाय!”

“तू झोपली होतीस, आत्या!”

“मग उठवायचं की गं! लाव फोन. आन ते स्पीकरवर टाक, मला नीट ऐकू येत न्हाई.”

फोन लागला. आबा खुशीत होते. राजकन्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. लहानपणी गिरणीच्या फाटकावर डबा घेऊन जायची ती, तेव्हा आबा फाटकाबाहेरच्या शेताकडं बघत जेवायचे. ते तिला आत्ताच नेमकं आठवायचं होतं.

“आबा, गाव तेच आहे. घर बदललं.”

“म्हंजे?”

तिनं सांगितलं. हातचं राखून न ठेवता सगळं सांगितलं. आबांनी एकच विचारलं.

“रान किती हाय त्याला?”

“नाही, आबा. एक गुंठासुद्धा नाही. पण आज दिवसभर मला कळलंच नाही की रान त्याचं नाही. तो असा वाढत होता.”

तिनं फोन तोंडाजवळ आणला.

“आबा, तुमच्याकडं तरी कुठं होतं? आई आलीच ना?”

ह्यावर आत्यांनी नाकाला पदर लावला. पलीकडं आबा खाकरले, मग पुन्हा खाकरले. आवाज आला तो जरा ओला होता.

“कुठली गाडी असती त्याची?”

राजकन्यानं अंगदकडं पाहिलं. त्यानं बोटांनी खूण केली. “नांदेड-शिरूर. दुपारी एकची. मुक्कामी.”

“हं. मग रविवारी मी त्याच गाडीनं येतो. मी कोण हाय ते त्याला सांगू नको. आपलं मुकाट तिकीट काढतो, मागं बसतो, म्हाताऱ्या माणसांशी कसा बोलतो ते बघतो. तू गाव बघितलंस, मला माणूस बघू दे. त्याला कळता कामा नये, बरं का!”

“बरं, आबा,” राजकन्या म्हणाली. अंगद विहिरीच्या काठावर ताठ उभा होता, जसे काही आबा आत्ताच गाडीत चढले. व्यंकट हसू दाबायला ज्वारीत तोंड घालून उभा राहिला.

फोन बंद झाला. आता कुणीच कुणाकडं बघेना. शेवटी अंगदनं पातेलं उचललं. “रविवारी मी समद्याच म्हाताऱ्यांशी गोड बोलणार,” तो हळूच म्हणाला. “मला काय ठावं त्यातले आबा कोणते!”

“रोज कसं बोलता?”

“रोज बी गोडच बोलतो. पण रविवारी हात थरथरतील.”

निघायची वेळ झाली. भामाबाईंनी थोडं तोंड फुगवलं होतं, पण राजकन्याला पोळ्या बांधून दिल्या आणि “माझ्या घरात न्हाई तर न्हाई, माझ्या रानात तरी येशील का दरवर्षी?” असं विचारलं. राजकन्यानं वाकून नमस्कार केला आणि येईन म्हणाली. अंगद गाडीपर्यंत आला. तिनं वही उघडली, सकाळचं ‘नापास’ खोडलं आणि वही त्याच्यापुढं धरली. तीन पेपर होते. पत्ता (सगळ्यांचा एकच, ‘आपलंच’) आणि बसणं, ह्या दोन्हीपुढं भरभरून मार्क होते. पहिली ओळ कोरी होती.

“चहा?” त्यानं वाचलं.

“तो राहिलाच ना. गाव बंद होतं.”

“मग आता?”

राजकन्यानं गाडी सुरू केली, काच पूर्ण खाली घेतली आणि पहिल्यांदाच न लाजता त्याच्याकडं सरळ पाहिलं.

“मग काय,” ती म्हणाली, “आता मुक्कामालाच यावं लागेल.”